एकशे बाराव्या पानावर मिटलेली

मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की पुस्तकानं असं बोलू नये. माझ्या शेजारच्या फळीवर मुलांसाठीची पुस्तकं आहेत. त्यांत एका फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त आहे, एका शाळेच्या घंटेचं आहे. दोघी फार गोड बोलतात, सगळं सोसतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मित्रांनो, मला ते जमणार नाही. मी दोनशे छत्तीस पानांची आहे आणि त्यातलं एक पानही गोड नाही.

माझं नाव 'दलदलीतला दिवा'. इंग्लंडातल्या कोणा एका बाईंनी इन्स्पेक्टर थॅकबी नावाच्या पोलीस अधिकाऱ्यावर तेवीस कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली मी बारावी. हा थॅकबी उंच, सदा पडशानं बेजार आणि कमी बोलणारा. त्याच्याबरोबर एक म्हातारी कुत्री असते. पहिल्या अकरा कादंबऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांनी मराठीत आणल्या आणि ते वारले. मग प्रकाशकांनी ते काम कोल्हापूरच्या दानेश्वरीबाईंना दिलं.

दानेश्वरीबाई कळंब्याच्या एका शाळेत चौथीचा वर्ग शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. घरी त्या आणि त्यांची अव्वा, म्हणजे आई, अशा दोघीच. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि वाचायला इंग्रजी, असा त्यांचा दिवस जायचा. शाळा सुटली की स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून त्या मला मराठीत उतरवायच्या आणि प्रत्येक वाक्य अव्वांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. अव्वांना मराठी यायचं ते बाजारापुरतं. त्यांना एखादं वाक्य कळलं नाही की बाई ते खोडायच्या आणि पुन्हा लिहायच्या. चौदा महिने हे चाललं. माझ्या गोष्टीत एक मोठी दलदल आहे. बाईंनी इंग्लंडातली दलदल कुठं पाहिलेली? मग त्या वही घेऊन कळंबा तलावावर जाऊन बसल्या, पाणी हटलेल्या काठावर उतरल्या आणि चपला चिखलात घालवून आल्या. थॅकबीचे बूट ज्या चिखलात रुततात तो चिखल आपल्या कळंब्याचा आहे. हे कुठल्याही वाचकाला माहीत नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

छापताना प्रकाशकांनी बाईंना एक अट घातली होती. मालिका आता पहिल्यासारखी चालत नाही, बारावी लोकांना आवडली तरच तेरावी काढू, असं त्यांनी कळवलं. बाईंना एवढा उत्साह की त्यांनी लोकांच्या पसंतीची वाट न पाहता तेरावी लिहायला घेतली. तेव्हा मित्रांनो, नीट लक्षात ठेवा. मी नुसती मी नव्हते. माझ्या पाठीमागे माझी एक बहीण तीन वह्यांत बसून वाट बघत होती.

सन त्र्याण्णवच्या सुरुवातीला मी मंगळवार पेठेत वीरभद्रअण्णांच्या वाचनालयात आले. अण्णांचं खाली भांड्यांचं दुकान आणि वर एका खोलीत हे वाचनालय. माणूस सरळ. कपाळाला विभूती लावायची, सकाळी शिवभक्तीची वचनं वाचायची आणि दिवसभर दुसऱ्यांना पुस्तकं द्यायची. स्वतः मात्र रहस्यकथेला हात लावायचे नाहीत. त्यांनी मला खाकी पुठ्ठा घातला, दाभणानं शिवलं, पाच ठिकाणी शिक्का मारला. आणि शेवटी, माझ्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पांढरा कागद डकवला. त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वाचकांचा अभिप्राय'.

हा कागद म्हणजे अण्णांचा मोठा अभिमान. साऱ्या कोल्हापुरात असा कागद दुसरीकडं नाही, असं ते म्हणायचे. नियम असा की पुस्तक परत करताना एक ओळ लिहायचीच, नाही लिहिली तर पुढचं पुस्तक मिळणार नाही. आणि वाचकानं जे लिहिलं ते कोणी खोडायचं नाही, अण्णांनीसुद्धा नाही. दिवाळीला अण्णा हे सगळे अभिप्राय आपल्या हातानं उतरवून पुण्याला प्रकाशकांकडे पाठवायचे. प्रकाशकांना त्यांच्या कागदावर फार भरवसा.

आता तुम्हीच सांगा, ओळ लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही म्हटल्यावर माणूस काय करेल? काहीही लिहील. वाचलं असेल तरी लिहील, नसेल तरी लिहील. हे अण्णांना कळायला पाहिजे होतं. मी त्यांचा मान राखते, पण हा राग त्यांच्यावर आहेच.

सुरुवातीचे सहा-सात महिने बरे गेले. बरे म्हणजे काय, निम्म्यांनी कौतुक केलं आणि निम्म्यांनी नावं ठेवली. एकानं लिहिलं, 'थॅकबी आता म्हातारा झाला, पूर्वीची मजा नाही.' त्याच्या खालीच दुसऱ्यानं, 'थॅकबी आता कुठे माणूस वाटायला लागला.' एका बाईंना अनुवाद पुण्याच्या गृहस्थांपेक्षा सरस वाटला. एका वकिलांना तो फार घरगुती वाटला. 'पहिली पन्नास पाने कुत्री फिरवण्यात जातात,' असं एकानं लिहिलं. अहो, त्या पन्नास पानांत ती कुत्री जिथं जिथं थांबते तिथं तिथं पुढं काय सापडतं ते बघा की. 'पात्रे फार, नावे लक्षात राहत नाहीत,' असंही कोणी लिहिलं. सात पात्रं आहेत. त्या गृहस्थांच्या लग्नाला सातशे माणूस आलं असेल आणि कोणाला आहेर पोचला नाही ते त्यांना आजही आठवत असेल. तरी मी हे सगळं सोसलं. कारण त्यांनी मला वाचलं होतं. वाचून शिवी दिली तर ती शिवी माझी असते. तिचा मला राग नाही.

दर शनिवारी सकाळची शाळा आटपली की दानेश्वरीबाई कळंब्याहून केएमटीच्या बसनं यायच्या. दुसरं पुस्तक शोधल्यासारखं करायच्या आणि हळूच मला काढून मागचा कागद वाचायच्या. चांगली ओळ असली की दोनदा वाचायच्या. वाईट असली की चारदा. मग मला जागेवर ठेवताना माझा कणा बोटानं सरळ करायच्या.

आणि मग केरबा आला.

केरबाला अख्खी पेठ ओळखायची. त्याच्या सहा म्हशी. संध्याकाळी चौकातल्या दूधकट्ट्यावर म्हैस आणून बांधायची, लोकांसमोर धार काढायची आणि फेसाळ पेला हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. तोंड मोठं, मन वाईट नव्हतं. पण एक खोड होती. त्याला सगळं आधीच कळायचं. कोणाची म्हैस कधी विणार, निवडणुकीत कोण पडणार, कोणाच्या पोरीचं कुठं जमणार, सगळं हा कट्ट्यावर आधी सांगायचा. दहातलं चार बरोबर निघायचं आणि लोक त्या चारचीच आठवण ठेवायचे.

तो मला गोठ्यात घेऊन गेला. धारेच्या आधी आणि धारेच्या नंतर वाचायचा. ओल्या हातानं पान उलटायचा. मी म्हटलं, असू दे, निदान वाचतोय तरी. एकशे बाराव्या पानावर गावातला डॉक्टर थॅकबीशी खोटं बोलतो. खून झाला त्या संध्याकाळी आपण घरीच होतो म्हणतो, आणि घरी नसतो. केरबानं मांडीवर थाप मारली.

"गावला," तो म्हशीला म्हणाला. "डॉक्टरच हाय. मला तवाच वाटलंतं."

त्यानं पानाचा कोपरा दुमडला आणि मला मिटलं. पुढची एकशे चोवीस पानं त्यानं उघडलीच नाहीत. खिशात लाल बॉलपेन होतं. माझं पहिलं पान काढलं आणि त्यावर, जिथं गोष्ट सुरू होते त्याच्या बरोबर वर, मोठ्या अक्षरात लिहिलं: 'खुनी डॉक्टर हाय. वेळ घालवू नका.'

मित्रांनो, मी आता एक पाप करते आहे. माझ्या जातीच्या पुस्तकानं असं कधी करू नये, पण मी केलं नाही तर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. डॉक्टर खुनी नव्हता. तो खोटं का बोलला याचं कारण वेगळं आहे आणि ते वाचून शेवंताबाईंसारख्या खमक्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. या शेवंताबाई पुढं येतील. खरा खुनी कोण ते मी सांगणार नाही, जीव गेला तरी नाही.

त्या संध्याकाळी कट्ट्यावर केरबानं सगळ्यांना सांगितलं की इंग्लंडच्या इन्स्पेक्टरला दोनशे पानं लागली, मला निम्म्यातच कळलं. लोक म्हणाले, केरबा म्हणजे केरबा. एवढं ऐकायला मिळालं आणि तो खूश झाला.

त्यानंतर जे मला घरी घेऊन गेले त्यांचं काय सांगू? पहिलं पान उघडायचे, लाल अक्षर वाचायचे, च्यक् करायचे आणि मिटायचे. पण ओळ लिहायचीच होती ना. गुंडू नावाच्या टेलरनं लिहिलं, 'खुनी कोण हे पहिल्याच पानावर कळते. रहस्य अजिबात नाही.' पहिल्याच पानावर! अरे, ते पान माझं होतं का केरबाचं? एकानं लिहिलं, 'डॉक्टरवर संशय येतोच. लेखिकेने घाई केली.' आणि एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी, ज्यांनी मला तीन दिवस टीव्हीवर ठेवून वर फुलदाणी ठेवली होती, त्यांनी शुद्ध मराठीत लिहिलं: 'अनुवादिकेस रहस्य टिकवता आलेले नाही.'

शनिवारी बाईंनी ही ओळ चारदा वाचली. मग पहिलं पान उघडलं आणि त्यांना लाल अक्षर दिसलं. मला धरलेले हात गरम झाले.

"अण्णा, हे कोणी लिहिलं?"

"वाचकानं," अण्णा म्हणाले. "नाव न्हाय घातलेलं. काय झालं?"

"हे खोडा."

"बाई, वाचकाचं मी खोडत न्हाय. तुम्हाला ठाऊक हाय की. का वं, खोटं हाय का ते?"

बाईंनी तोंड उघडलं. एक शब्द पुरला असता. मी आतून ओरडत होते, सांगा, सांगून टाका. पण त्यांनी तोंड मिटलं.

"ते मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"असं कसं? तुम्हीच तर लिवलंय."

"म्हणूनच. अण्णा, शेवटच्या पानापर्यंत डॉक्टरवर संशय राहावा म्हणून तर एवढी पानं लिहिलीत. तो आहे म्हटलं तरी पुस्तक मेलं, तो नाही म्हटलं तरी मेलं. मी तुम्हाला सांगणार, तुम्ही कोणाला तरी सांगणार. मग उरलं काय?"

अण्णा रहस्यकथा वाचत नसत. त्यांना हे पुरतं कळलं नाही. पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी एक तोड काढली. "खोडत न्हाय, पण झाकतो," म्हणाले आणि लाल अक्षरावर कागदाची पट्टी डकवली. झालं, आता तर विचारूच नका. झाकलेलं दिसलं की माणसाची नखं आपोआप पुढं होतात. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी पट्टीचा कोपरा उचलला, दुसऱ्यानं ओली करून ओढली. अक्षर पहिल्यापेक्षा ठळक दिसायला लागलं, कारण आता ते गुपित होतं. अण्णांनी तीनदा पट्टी लावली आणि तीनदा ती निघाली.

दिवाळीला अभिप्राय पुण्याला गेले. माघात उत्तर आलं. त्या दिवशी शनिवार होता आणि बाई कापडी पिशवीतून तेरावीच्या तीन वह्या घेऊन आल्या होत्या, अण्णांना दाखवायला. शेवटचं प्रकरण आदल्याच दिवशी संपलं होतं. अण्णांनी पत्र पुढं केलं. बाईंनी ते उभ्यानं वाचलं. कोल्हापूरच्या वाचकांचा कौल स्पष्ट आहे, असं लिहिलं होतं. मालिका थांबवत आहोत, आपल्या श्रमांबद्दल आभार.

"बाई, बसा जरा," अण्णा म्हणाले. "पाणी देऊ?"

"नको. अण्णा, मला दुसरं काही फार येत नाही. पोरांना शिकवते, पण तसं सगळेच शिकवतात. हे एक काम मला मनापासून जमत होतं, असं मला वाटत होतं."

त्यांनी पिशवी उघडलीच नाही. जाताना मला फळीवरून काढलं नाही, कणा सरळ केला नाही. त्यानंतर त्या बारा वर्षं वाचनालयात आल्या नाहीत.

वर्षं कशी गेली ते लांबवत नाही. केबल आलं, मग पोरांच्या हातात मोबाईल आले. मी सगळ्यात वरच्या फळीवर गेले. कसर लागली. माझ्या चौसष्टाव्या पानावर एका पालीनं अंडी घातली. अण्णांचे गुडघे गेले आणि त्यांनी वरच्या फळीला हात पोचवायचं सोडून दिलं. तिथं पडल्या पडल्या मी एकच विचार केला. त्या कागदावर मला वाईट म्हणणारी चौदा माणसं होती. त्यांतल्या नऊ जणांनी मला वाचलं नव्हतं. खून माझ्या आत एकच झाला, माझ्या बाहेर दुसरा झाला आणि त्याचा तपास करायला कोणी थॅकबी आला नाही.

आल्या त्या शेवंताबाई कांबळे. सन दोन हजार सहा. एका खाजगी दवाखान्यात नर्स, पेठेतच राहायच्या, आणि अण्णांच्या वाचनालयातली बाकीची सगळी रहस्यं वाचून संपली म्हणून स्टुलावर चढून त्यांनी मला खाली ओढलं. पदरानं पुसलं. पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कुण्या मेल्यानं हे केलंय?" त्या अण्णांना म्हणाल्या.

"लई जुनं हाय ते. न्हेऊ नका, दुसरं बघा."

"का न्हेऊ नको? त्यानं सांगावं अन् मी ऐकावं व्हय?"

त्यांनी मला सहा दिवसांत संपवलं. खूण म्हणून बँडेजची पट्टी घालायच्या. शेवटचं प्रकरण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच राहिला. मागच्या कागदावर, त्या चौदा लोकांच्या खाली, त्यांनी लिहिलं: 'पहिल्या पानाकडं बघू नका. मी बघून पण वाचली. शेवटाला हात गार पडले. शे. कांबळे.' बारा वर्षांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. पण परत करायच्या आधीच त्यांच्या दवाखान्यात एक पेशंट आला. म्हशीनं लाथ घातली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, सळी घातली होती आणि दीड महिना हलायचं नव्हतं. तो पडल्या पडल्या सगळ्या वॉर्डाला सल्ले देत होता. शेजारच्या पेशंटला काय झालंय तेही त्यालाच आधी कळत होतं.

होय, तोच. म्हातारा झाला होता, पण आवाज तसाच.

"केरबादादा, हे धरा," शेवंताबाई म्हणाल्या आणि मला त्याच्या छातीवर ठेवलं. "वाचा गुमान. बाकीच्यांना झोपू द्या."

त्यानं मला ओळखलं. पहिलं पान उघडलं आणि स्वतःच्या अक्षराकडे बघून मिशीत हसला.

"सिस्टर, हितं तर खुनी कोण ते लिवलंयच की."

"लिहिलंय कुणीतरी अर्धवटानं. तुम्ही शेवटपर्यंत वाचा, मग बोला."

"अर्धवट कशापायी? हुशार असंल की एकादा."

"हुशार माणूस पुस्तकावर लिहीत न्हाय, दादा. उताणं ऱ्हावा, पाय हलवू नका."

 दुसरं करायला काहीच नव्हतं. त्यानं मला वाचायला घेतलं. एकशे बाराव्या पानाचा कोपरा अजून दुमडलेला होता आणि त्यावर दुधाचा पिवळट डाग होता. तिथं तो थोडा थांबला. मग पान उलटलं. मित्रांनो, त्या पानापलीकडे त्याचं बोट पहिल्यांदा आलं तेव्हा मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मला त्याला चावावंसं वाटलं.

तीन दिवस त्यानं वॉर्डाला एकही सल्ला दिला नाही. एकशे नव्वदाव्या पानावर डॉक्टर खोटं का बोलला ते कळतं. तिथं तो उलटा फिरला आणि माझं एकसष्टावं पान पुन्हा वाचलं, जिथं ते सगळं आधीच लिहिलेलं आहे आणि कोणाला दिसत नाही. शेवटचं पान त्यानं सकाळी वाचलं. चहा गार झाला. शेवंताबाई बीपी बघायला आल्या तेव्हा तो छताकडे बघत होता.

"सिस्टर, ते लाल मी लिवलंय."

शेवंताबाईंनी यंत्राचा रबरी फुगा दाबायचं थांबवलं. "तुम्ही?"

"व्हय."

"वाचून लिहिलं?"

"न्हाय. निम्म्यात सोडलंतं."

"आणि अण्णांनी ते सगळं पुण्याला पाठवलं, पुढची पुस्तकं बंद झाली, हे अण्णांनीच मला सांगितलंय. ठाऊक हाय का तुम्हाला? ज्या बाईंनी हे मराठीत केलं त्या माझ्या भाचीला चौथीला होत्या. भाची सांगायची, बाई वर्गात गोष्ट सांगायच्या ते एकाएकी बंद झालं. का, ते पोरांना कळलं न्हाय."

केरबानं पट्ट्यासाठी हात पुढं केला. त्या दिवशी त्याचं बीपी जास्त आलं.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर तो आधी अण्णांकडे गेला, मला नावावर लावून घेतलं आणि रिक्षानं कळंब्याला निघाला. एका हातात काठी, एका हातात दुधाची किटली, मी काखेत. बाईंनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते. अव्वा दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, हे मला भिंतीवरच्या फोटोवरून कळलं. बाईंनी मला त्याच्या काखेत बघितलं आणि त्यांचा हात कडीवरच राहिला.

केरबानं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, हे मला मान्य करावं लागतं.

बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुम्हाला काय मिळालं?"

"काय न्हाय, बाई. कट्ट्यावर चार लोक म्हणालं, केरबाला कळलं."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढ्यासाठी."

"मला फार राग आलाय तुमचा," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "लाल अक्षर कोणीतरी खोडसाळपणे लिहिलंय, हे मला माहीत होतं. तरी त्या प्राध्यापकांची ओळ डोक्यातून गेली नाही. बारा वर्षं मी असंच समजले की मला रहस्य टिकवता येत नाही. अव्वा विचारायची, पुढचं कधी वाचणार. मी सांगायचे, उद्या. ती तशीच गेली."

केरबानं मान खाली घातली. मग खिशातून पेन काढलं. लालच होतं. "बाई, आत्ता लिवतो. डॉक्टर न्हाय म्हणून लिवतो, ह्याच्यापेक्षा मोट्या अक्षरात, सगळ्यास्नी दिसंल असं."

बाईंनी मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. "खबरदार. पुन्हा तेच? डॉक्टर नाही असं लिहिलंत की पुढच्या वाचकाचा संशय आत्ताच गेला. एकदा मारलंत, आता दुसऱ्यांदा मारता?"

"मग काय करू? खोडू?"

"खोडलं की लोक उकरतात. आम्ही बघितलंय."

केरबा उंबऱ्यावर बसला, मोडका पाय लांब करून.  सगळ्या जगाच्या आधी सगळं कळणारा माणूस, पण त्याला पहिल्यांदाच काही सुचत नव्हतं. मग त्यानं मला परत मागितलं. बाईंनी दिलं, पण पेनावर नजर ठेवली. त्यानं पहिल्या पानावर, आपल्याच जुन्या ओळीखाली, सावकाश लिहिलं: 'वरचं मी लिवलंय. तवा मी पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. केरबा, दूधकट्टा.'

बाईंनी ते वाचलं, चारदा. डॉक्टर आहे की नाही, काहीच सांगितलेलं नव्हतं. माझं गुपित जसंच्या तसं होतं.

"बाई," केरबा म्हणाला, "त्या कुत्रीचं पुढं काय हुतंय? शेवटाला तिला लागलंतं. जगली का?"

बाई आत गेल्या आणि जुन्या इरकल साडीच्या तुकड्यात बांधलेल्या तीन वह्या घेऊन आल्या. मी माझ्या बहिणीला पहिल्यांदा पाहिलं.

आज त्या वह्या अण्णांनी शिवून, खाकी पुठ्ठा घालून माझ्या शेजारी ठेवल्या आहेत. पुण्याचे प्रकाशक धंदा बंद करून गेले, त्यामुळे छापायचा प्रश्न नाही. लोक बाईंच्या अक्षरातच तेरावी वाचतात. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम खोडला आणि दारावर पाटी लावली: 'पुस्तक पुरते वाचले नसेल तर काही लिहू नये. कोरे सोडले तरी पुढचे पुस्तक मिळेल.' बाई शनिवारी येतात. चौदावी सुरू आहे म्हणतात, पण डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, दिवसाला एखादं पान होतं. बाकीच्या नऊ मराठीत कधी येतील असं मला वाटत नाही.

म्हणून राग गेला का म्हणाल, तर गेला नाही. अव्वा परत येणार नाहीत आणि ती बारा वर्षंही. मित्रांनो, आमच्या अंगावर लिहू नका, पान दुमडू नका, ओल्या हातानं धरू नका, हे तुम्हाला शाळेत सांगितलेलंच असेल. मी एवढंच मागते की आम्हाला वाईट म्हणायचं तर खुशाल म्हणा, तोंडावर म्हणा, पण आधी शेवटचं पान उलटा. तुमच्या एका ओळीमागे कोणाच्या तीन वह्या थांबलेल्या असतील, ते तुम्हाला दिसत नसतं.

तेरावीचा पहिला वाचक केरबाच होता. महिनाभर त्यानं ती ठेवली. परत आणली तेव्हा ओळ लिहायची सक्ती राहिली नव्हती आणि कट्ट्यावर त्यानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. लोकांनी विचारलं, केरबा, खुनी कोण? तो म्हणाला, वाचा की. तरीही तेरावीच्या मागच्या कागदावर त्यानं एक ओळ लिहिली आहे, या खेपेला पेन्सिलीनं. शनिवारी बाईंनी ती वाचली आणि जाताना बारा वर्षांनी माझा कणा बोटानं सरळ केला. ओळ अशी आहे: 'पुरती वाचली.'